खिडकीजवळची खाट

बाबांनी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. रुमाल चिमटीत उचलून ते विचारायचे, "याचं तिकीट कुठंय?"

मला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि माझं काही ठरेना. बाबा म्हणाले, "कॉलेज सावकाश ठरव. होस्टेलची जागा मात्र आजच धरू, नाहीतर बसशील हात चोळत."

पहिल्या कॉलेजच्या होस्टेलात नाव नोंदवून आम्ही दुसऱ्या कॉलेजच्या होस्टेलात गेलो. तिथली खिडकीजवळची खाट बघून बाबा माझ्यापेक्षा जास्त हरखले. वॉर्डनबाई फॉर्म आणायला वळल्या, तेवढ्यात बाबांनी खिशातला रुमाल काढून गुपचूप गादीवर टाकला. मी बघतच राहिले.

बाई परत आल्या. रुमाल चिमटीत उचलून त्यांनी विचारलं, "हा कुणाचा?"

बाबांनी मान खाली घातली. हसू दाबत मी म्हटलं, "माझा. तिकीट काढतेच आता." फॉर्म ओढला आणि सही ठोकली.

बाहेर पडताच बाबांनी पहिल्या होस्टेलला फोन करून तिथली जागा सोडली. फुकट जागा अडवलेली त्यांना मुळीच खपत नाही.