नववीचा गठ्ठा

अशोक चौकाजवळच्या पुस्तकवाल्या काकांच्या खोलीत शाळेची जुनी पुस्तकं वर्षभरासाठी भाड्यानं मिळतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली तीच वापरतात. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ते खळ लावून चादरीच्या कापडाची पट्टी डकवतात आणि अंगठ्यानं इतकी दाबतात, की नख पांढरं पडतं. मे महिना लागला, की मान वर न करता विचारतात, "बाई, नववीचं बदलतंय म्हणतेत. खरं हाय का?"

दरवर्षी मी हसून नाही म्हणायचे.

यंदा अभ्यासक्रम बदलल्याचं पत्रक माझ्या पर्समध्येच होतं. तेच सांगायला गेले होते. भिंतीला टेकून नववीचा गठ्ठा छातीएवढा उभा होता. आता तो सगळा रद्दीत जाणार होता आणि वरच्या पुस्तकांची खळ अजून वाळलीही नव्हती. त्यांनी नेहमीचंच विचारलं आणि माझी जीभ रेटेना.

"अजून तरी काही नाही," मी म्हणाले.

त्यांचा अंगठा सैल झाला. वरचं एक पुस्तक त्यांनी कौतुकानं माझ्या हातात दिलं.

"बगा की, कसं घट्ट बसलंय. अजून पाच वर्सं न्हाय हालत."