नदीचा होकार

दिनू गेल्याचं मला त्याच्या बायकोनेच, सुधावहिनींनी, फोनवर सांगितलं. "दुपारी जेवून पडले होते, भावजी… उठलेच नाहीत." महिना होत आला त्याला. लालबागहून दादरला त्यांच्याकडे रोज जाणारा मी, जाईनासा झालो. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर वहिनींसमोर उभं राहायची भीती वाटत होती. दिनूशी मी एकदा खोटं बोललो होतो आणि त्याला ते सांगायचं राहूनच गेलं.

आम्ही दोघं रेल्वेत इंजिनिअर. मी परळला यंत्रांत रमलो, तो डोंगरात बोगदे खोदायला गेला. हिमालयातल्या एका कामावर त्याने एका म्हातारीला नदीची वाळू परातीत धुऊन सोन्याची कणी काढताना पाहिलं आणि गडी कामातून गेला. स्वेच्छानिवृत्ती घेतली, घरातली पितळी परात उचलली, आणि मग वर्षातले सात-आठ महिने नदीकाठी. फोन केला की झोपेत बोलल्यासारखा आवाज. तिथे म्हणे पाण्याचा रंग तासातासाला बदलतो, संध्याकाळी डोंगरच वाहत चाललेत असं वाटतं, आपण किती वेळ बसलोय तेच कळत नाही… मी चिडवायचो, "नथीच्या तारेला तरी पुरेल का रे?" तो म्हणायचा, "नथ कुणाला हवीये, सुऱ्या? नदीने एकदा हो म्हणावं, बस." दर वर्षी तो मला कण्या पाठवायचा, मी त्या गिरगावातल्या सोनाराला दाखवायचो आणि सोनार मान हलवायचा. अभ्रक.

चार वर्षांपूर्वी वहिनी जिन्यात पडल्या. खुबा मोडला. दिनूला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली त्यांनी. त्याच आठवड्यात त्याच्या कण्या आल्या, होमिओपॅथीच्या चिमुकल्या बाटलीत. सोनाराने त्या वितळवल्या, कसोटीवर घासल्या आणि चष्मा वर केला. "अस्सल आहे. कुठलं हो?" मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. हे सांगितलं असतं तर दिनू जन्मात परतला नसता. भिंतीकडे बघत पडलेल्या वहिनी काही डोळ्यांपुढून जाईनात. फोन लावला. "अभ्रकच आहे रे." पलीकडे नुसतं पाणी वाहत होतं. मग तो म्हणाला, "बरं." पाचव्या दिवशी तो घरी आला आणि पुन्हा कधी गेला नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"ह्यांना ठाऊक होतं, भावजी. आले त्याच दिवशी मला म्हणाले, अभ्रक सांगताना सुऱ्याचा आवाज कधी कापला नव्हता, या वेळी कापला. म्हणजे सोनंच आहे, आणि इकडे तुला बरं नाही… हसत होते हो. नदी हो म्हणाली, म्हणाले."

चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून चहा प्यायला, एका शब्दाने बोलला नाही. मला त्याचा राग आला, खरंच आला. निघताना मी दार ओढून घेऊ लागलो, तर वहिनी आतून म्हणाल्या, "नुसतं लोटा. ह्यांना बंद दार आवडत नाही." मी दार लोटलं आणि जिन्यात उभा राहून मनसोक्त रडलो.