ढाणकीहून यवतमाळला, रोमचा रस्ता पाहायला

सोमवारी आमच्या शेताकडच्या पाणंदीवर मुरमाच्या ट्रॉल्या यायच्या होत्या आणि शनिवारी सकाळी मी यवतमाळला निघाले. पोरगा गजानन म्हणाला, "माय, ऐन कामात कायले जाऊन राह्यली?" पण नातीनं बोलावलं होतं. रोहिणी, गजाननचीच पोरगी, यवतमाळला रस्ते-पुलाचं शिकते. कॉलेजात प्रदर्शन होतं, आणि रोमच्या लोकांनी दोन हजार वर्षांमागे रस्ते नि पूल कसे बांधले ते तिनं मांडलं होतं. रोम कुठं आहे ते मला ठाऊक नाही. नात कुठं आहे ते ठाऊक आहे, तेवढं पुरे.

तुम्हाला जायचं असेल तर ढाणकीहून उमरखेड गाठा आणि तिथून यवतमाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. सकाळी उजव्या बाजूला बसू नका, ऊन सरळ मांडीवर येतं. आर्णीला गाडी थांबली की आलूबोंडा खा, पण कढईतून निघताना दिसला तरच. मी थंड खाल्ला आणि यवतमाळपर्यंत ओवा चघळत बसले.

दोन्हीकडे कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकलेल्या. शेजारच्या बाईला विचारलं, "तुमच्याकडंही अळी होती का?"

"होती म्हणजे? बोंड फोडून पाहाले भेव वाटे, मावशी."

आमचं तर अळीतून वाचलं तेही पाणंदीनं नेलं. वेचलेला कापूस शेतातच अडकला, कारण दिवाळीच्या पावसात बैलगाडी आसापर्यंत चिखलात. पिवळा पडला तेव्हा व्यापारी बांधावर आला आणि म्हणेल त्या भावात घेऊन गेला. म्हणून यंदा पाच घरांनी मिळून मुरूम सांगितला होता. हा रस्ता खचला तर दुसऱ्यांदा कोणाच्यानं होणार नव्हतं. हे सगळं डोक्यात, त्यामुळं मी शांत बसले म्हणाल तर नाही. दर फाट्याला उठून बघे.

प्रदर्शनात रोहिणीनं आधी पूल दाखवला. पाचरीसारखे घडवलेले दगड, खाली लाकडी साचा, मधला दगड सगळ्यात शेवटी. मग तिनं साचाच ओढून घेतला! मी ओरडले, "पडते वो बाई!"

"नाही पडत, आजी. एक दगड दुसऱ्याले दाबून धरते. ठेव तुह्यी पिशवी वरतं."

पिशवीत दोन किलो तिळाचे लाडू होते. ठेवली. पूल हललाही नाही. बाजूच्या टेबलावरच्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या, तर मी त्यांना लाडू वाटले. मग पिशवी हलकी झाली म्हणून रोहिणी रागावली.

रस्ता काचेच्या पेटीत होता. खाली मोठे दगड, त्यावर बारीक, मग चुन्यात कालवलेली खडी, वर फरशा. मधे उंच, दोन्ही कडांना पाणी जायला नाल्या.

मी विचारलं, "माती कुठं गेली?"

"पयले माती काढून टाकली ना. टणक लागेस्तोवर खोदलं, मग भरलं."

माझे पाय तिथंच थांबले. कारण आमच्या त्याच पाणंदीवर मी तरणी असताना सरकारी कामावर मुरमाची टोपली वाहिली आहे. तीन उन्हाळे. दरवेळी सरळ काळ्या मातीवर. माती एका पावसाळ्यात गिळून टाके आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा काम निघे. आम्हाला कळत होतं. आम्ही बाया हसत होतो. खचला नाही तर चूल कशी पेटेल? तेव्हा खोटं वाटलं नाही. आता वाटत होतं.

गजाननला फोन लावला. "मुरूम टाकू नको. आधी खोद."

"रोमले काळी माती होती काय, माय?"

"नसन. मंग आपल्याले ज्यादाच खोदा लागन."

"ट्रॉलीवाल्याले होकार देल्ला. लोक हासतीन मले." फोन कट.

यवतमाळहून मी केळापूरला बहिणीकडे जाणार होते. तिच्यासाठी पापडही घेतले होते. गेले नाही. रविवारी पहिली गाडी धरली, रोहिणीला सोबत घेतलं, आणि प्रत्येक मोरीवर गाडी उडाली की मी बाहेर वाकून बघे. कंडक्टर म्हणाली, "मावशी, काही पडलं काय तुमचं?"

पाणंदीवर पाची घरची माणसं उभी. मधे छातीइतका खड्डा, खड्ड्यात गजानन.

"तुले खोटं पाडाले खोदला," तो म्हणाला. "म्हटलं दाखवतो, खालपर्यंत काळीच हाये म्हणून." मग त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं.

खड्ड्याच्या भिंतीत काळी माती, मग तांबडा पट्टा. पुन्हा काळी, पुन्हा तांबडा. त्याखाली आणखी एक, बोटभर.

शेजारचे बापूराव म्हणाले, "एवढा मुरूम कोणं पुरला इथं?"

"म्या," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. ट्रॉलीवाल्याला गजानननंच फोन करून थांबवलं. तेव्हापासून खोदणं चालू आहे, रोज थोडं. पावसाच्या आत होतं का नाही, सांगता येत नाही, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारते. केळापूर राहिलं, पापड आम्हीच खाल्ले.

रोहिणीनं खड्ड्याचा फोटो काढला आहे. रोमच्या पेटीशेजारी लावते म्हणाली, खाली माझं नाव. मी म्हटलं लाव, पण तिन्ही उन्हाळे लिही.