हूहू, टायगर बीटल आणि कॉर्पोरल हेमी

मी मूळची पुण्याची, फार्मासिस्ट. लग्नानंतर माउंट रॉस्किलला आले आणि पुढे इथल्या आर्मीत मेडिक झाले. माझी शेवटची एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, डोंगराळ जंगलात होती. आमचं सेक्शन, म्हणजे तुकडी, आठ जणांचं. सेक्शन कमांडर कॉर्पोरल हेमी, इथला मूळनिवासी माओरी, उंचापुरा, कमी बोलणारा. भुंगेऱ्यांचा विषय निघाला की मात्र थांबायचा नाही.

पहिल्या दिवशी ऊन होतं. उघड्या मातीच्या दरडीवर त्याने आम्हाला टायगर बीटल दाखवला. नखाएवढा, चकाकता, लांब पायांचा. धावायचा, थबकायचा, पुन्हा धावायचा. हेमीने सांगितलं, हा इतका वेगात पळतो की पळताना त्याला भक्ष्यच नीट दिसत नाही, म्हणून थांबून बघतो.

मग एक कुजका ओंडका फोडून त्याने हूहू नावाच्या भुंगेऱ्याची अळी काढली. पांढरी, बोटाएवढी. ही दोन-तीन वर्षं अंधारात लाकूड खात राहते. मग मोठा तपकिरी भुंगेरा होऊन जेमतेम दोन आठवडे उडते, आणि त्या दिवसांत काहीच खात नाही. एक चपळ शिकारी, दुसरा सगळी शिदोरी अंगातच घेऊन निघालेला. दोघांचंही मला फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. घळीत घसरून प्रायव्हेट जॉशची नडगी मोडली. मी पाय फळीला बांधला. हेमीने तळाशी बोलायला रेडिओ घेतला.

"झीरो, धिस इज टू-वन. एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर हवं."

"टू-वन, ढग खाली आहेत. मोकळ्यावर या. ओव्हर."

स्ट्रेचर घेऊन आम्ही तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत चाललो. रेशन संपलं तेव्हा हेमीने छोट्या स्टोव्हवर हूहूच्या अळ्या भाजल्या. मी कधी अंडंही खाल्लं नव्हतं, पण त्या खाल्ल्या. चव शेंगदाण्याच्या कुटासारखी. अंगात बळ आलं.

शेवटचा ओढा फुगला होता. जॉश गार पडत चालला होता, आम्ही तसेच पाण्यात शिरणार होतो. हेमीने हात वर केला.

"आधी थांबा. बघा. मग निघा."

थांबलो म्हणून वरच्या वळणावरचा उथळ भाग दिसला. तिथून स्ट्रेचर पार झालं. कुणी वाहून गेलंच तर धरायला हेमी खालच्या बाजूला पाण्यात उभा होता. आम्ही काठावर पोचलो, आणि वरून वाहत आलेलं झाड त्याला घेऊन गेलं.

संध्याकाळच्या आत ढग उठले. हेलिकॉप्टर आलं. जॉश वाचला. हेमी दुसऱ्या दिवशी सापडला.

अंत्यविधीला मी त्याच्या आईशेजारी बसले. मग माझा हात धरून तिने विचारलं, "त्या दिवशी काही खाल्लं होतं का त्याने?"

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांचं झाल्यावर."

तिने मान हलवली. "घरीही तसंच करायचा."