शाळेत न बोलणारी माझी मुलगी

मुलीला कारंजाला सिस्टरांच्या शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा घरात एकट्या सासूबाई विरोधात होत्या. "तिथं रोज येशूची प्रार्थना म्हनतात म्हने. उद्या पोरगी आपली राह्यते का?" त्या म्हणाल्या.

कामरगावजवळ आमचा भाजीचा मळा. मी गावातच दहावीपर्यंत शिकले. चारचौघांत बोलायची वेळ आली की अजूनही मी नुसती मान डोलावते. मुलीचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि झालं नेमकं तसंच. दिवाळी आली तरी ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. वर्गशिक्षिका सिस्टरने मला बोलावून घेतलं. नाव काढून टाकतात की काय, या धास्तीनं मी एसटीत पिशवी आवळून बसले होते.

सिस्टर केरळची, वयानं लहानच. मराठी अडखळत बोलायची.

"घरी बोलते का ती?" तिनं विचारलं.

"घरी तोंड बंद नाही राह्यत तिचं."

"मग ठीक आहे. तिला बोलता येतं. इथे भीती वाटते. आपण थांबू."

एवढंच म्हणाली. मी आले तशी परत गेले, पण जरा हलकी होऊन.

पुढे काही दिवसांनी मुलगी घरी आली ती बोलतच. मधल्या सुट्टीत सिस्टर तिच्याजवळ बसली होती. डब्यात काय आहे, असं विचारल्यावर ही कशीबशी म्हणाली, "सांबारवडी." सिस्टरने वडी मोडून पाहिली आणि विचारलं, "यात सांबार कुठे आहे?" मुलीनं आतल्या हिरव्या कोथिंबिरीवर बोट ठेवलं. सिस्टर हसायला लागली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिच्या गावाकडे सांबार म्हणजे भातावर घ्यायची आंबट डाळ.

एवढ्या मोठ्या बाईला सांबार माहीत नाही, याचं पोरीला फार नवल वाटलं. मग ते कसं पेरतात, कधी उपटतात, जुड्या कशा बांधतात, सगळं तिनं सांगून टाकलं. घंटा झाली तेव्हा सिस्टर म्हणाली, "उद्या पुढचं सांग. मला इथली मराठी शिकायची आहे."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत माझी मुलगी मास्तरीण झाली. सिस्टर वहीत शब्द लिहायची, ही चुका काढायची. बदल्यात प्रत्येक शब्दाचं इंग्रजी सिस्टर तिला सांगायची. संक्रांतीच्या सुमारास तिनं वर्गात पहिल्यांदा हात वर केला. उत्तर चुकलं होतं म्हणे, पण त्याचं तिला काहीच नव्हतं.

एका रविवारी दुपारी सिस्टर मळा पाहायला आली. सासूबाईंनी तिला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि सरळच विचारलं, "आमच्या पोरीले धर्म त नाही ना बदलवाले लावनार तुमी?"

मला मान वर करवेना. सिस्टर शांतपणे म्हणाली, "नाही आजी. तिला वाचायला शिकवण्यातच माझा सगळा दिवस जातो."

 सासूबाईंनी उठून वांगी तोडून आणली आणि तिच्या पिशवीत भरली. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

दोन वर्षांनी सिस्टरची बदली झाली. मुलगी आठवडाभर रडली, मग दुसऱ्या शिक्षिकांशीही बोलायला लागली.

आता ती दहावीत आहे. मागच्या महिन्यात सासूबाईंना डोळे दाखवायला वाशिमला नेलं होतं. डॉक्टर भराभर इंग्रजीत काहीतरी सांगून पुढच्या पेशंटकडे वळले. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. मुलगी मात्र खुर्चीवरून उठली नाही.

"सर, हे आजीला मराठीत सांगाल का? डोळे तिचे आहेत," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. डॉक्टर थांबले, खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसले आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं करतात ते सावकाश समजावून सांगितलं. सासूबाईंनी तीन प्रश्न विचारले. मग मीही एक विचारला.