मास्तरांच्या जेवणाचे वार

मास्तरांचं टपाल मी मास्तरांच्या आधी वाचलं, आणि तेही गावासमोर, खड्या आवाजात. गाढवपणा मी पुढंही पुष्कळ केला, पण एवढा महाग कुठला पडला नाही. पडला तोही मला नाही.

आमचं गाव धुळ्याच्या बाजूला, तापी आणि पांझरेच्या बेचक्यात. उन्हाळ्यात चारचौघांसारखं गाव. आषाढात मागच्या नाल्याला पाणी चढलं की बेट. महारवाडा नाल्यापलीकडे, म्हणजे पूर असेतोवर तो तिकडे आणि आम्ही इकडे. तेवढे दिवस गाव अगदी सोवळं होऊन बसे.

शाळा चौथीपर्यंत, चावडीच्या खोलीत. मास्तर त्या वर्षी नवे, शेजारच्या कोठडीत एकटेच राहायचे. गावात दुकान नाही, खानावळ तर नाहीच. म्हणून त्यांच्या जेवणाचे वार लावलेले. आज या घरी, उद्या त्या घरी. शनिवार आमचा. त्यांची जात कोणी विचारली नव्हती, याचा अर्थ गाव सुधारलं होतं असा कोणी काढू नये. त्यांचं आडनाव तीन-चार जातींत चालणारं; गावानं त्यातली आपल्या सोयीची उचलली, एवढंच.

मी चौथीत. मास्तरांनी मला वाचायला असं तयार केलं होतं, की गावाचं सगळं टपाल मीच ओट्यावर उभा राहून वाचायचो. वर गुळाचा खडा मिळायचा. एक दिवस पाणी जरा उतरलं तसा नावाडी टपाल घेऊन आला. त्यात एक कार्ड मास्तरांचं. मास्तर नदीवर धुणं धूत होते. आमचे थोरले काका, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, मास्तरांच्या घरच्यांच्या काळजीनंच म्हणाले, "देख बरं रे, मास्तरना घरना बठ्ठा बरा शेतस ना?"

मी छाती काढून सुरू केलं. "सर्व भाऊबंदांचा जोहार. तिकडे तुमच्या जेवणाची सोय झाली हे वाचून आईस फार समाधान वाटले..."

ओटा एकदम चिडीचूप. महारवाड्यातली माणसं आबांना वाकून जोहार घालत, हे मी रोज ऐकत होतो. इतकं रोजचं, की तो शब्द मास्तरांच्या कार्डात कसा, हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, माझ्या वाचनात काहीतरी खोट राहिली. म्हणून पूर्णविरामाला नीट थांबत मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"पुरे," आबा म्हणाले आणि उठले. त्या दिवशी गूळ नाही.

मास्तर ओले कपडे खांद्यावर टाकून आले. मी पळत जाऊन कार्ड दिलं. "मास्तर, मी सगळ्यांना वाचून दाखवलं!"

"सगळं?"

"सगळं. दोनदा!"

त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि वाळत घालायचे कपडे तसेच घेऊन कोठडीत गेले.

कोणी त्यांना एक शब्द बोललं नाही. भांडण नाही, शिवी नाही. फक्त वार बंद पडले. ज्याचा वार त्याच्या घरी कोणी आजारी, कोणाची चूल लिंपलेली. दुसऱ्या दिवसापासून पोरंही शाळेत येईनात. तेवढ्यात पाणी पुन्हा चढलं आणि नाव बंद झाली. शिवाशिव कायद्यानं बंद झालेली होती म्हणे. पण तो कायदा पैलतीरावर अडकला होता. मास्तरही जाऊ शकत नव्हते. होते तिथेच, उपाशी.

तिसऱ्या दिवशी शनिवार आला. आमच्या घरी चूल पेटली, भाकरी झाल्या, आणि आम्हीच जेवलो. मी आईला विचारलं, "मास्तरले?"

"आबास्ले विचार," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

आबांना विचारायची माझी छाती नव्हती. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची एक भाकरी सदऱ्याखाली दडवली. पोटाला चटका बसत होता आणि मला वाटत होतं, आपण केवढे शूर!

मास्तर कोठडीच्या दारात बसले होते. मला बघून हसले. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी भाकरी काढली, वाकलो, आणि त्यांच्या ओंजळीच्या वर वीतभर माझा हात थांबला. खरं सांगतो, मी त्याला थांबवला नव्हता. तो वरूनच सुटला. घरी लहानपणापासून पाहिलं होतं ना, महारवाड्यातल्या माणसांना कसं देतात ते! अर्धी भाकरी ओंजळीत पडली, अर्धी तुटून खाली मातीत.

त्यांनी मातीतला तुकडा आधी उचलला. फुंकर मारली. मग सगळी भाकरी, घाई न करता, चावून चावून खाल्ली. मी उभाच.

"हुशार, हुशार म्हणून मिरवत होतो मी तुला," ते म्हणाले. "अगदी गावावर गेलास, गाढवा."