मुनव्वर मॅडमचा अर्धा राहिलेला तास

कोल्हापुरात आमच्या कॉलेजात मुनव्वर मॅडम जीवशास्त्र शिकवायच्या. मूळच्या गडहिंग्लजच्या, आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तास संपला की जिन्याखालच्या प्रयोगशाळेत जायच्या. मी तिथं त्यांच्या हाताखाली संशोधन करायचो. अजून तो स्पिरिटचा वास आठवतो.

गगनबावड्याची तेजस्वी आमची विद्यार्थिनी. एका पावसाळ्यात भातलावणीनंतर तिच्या वडिलांना ताप आला आणि आठवडाभरात ते गेले. लेप्टो होता, उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा ताप, हे नंतर कळलं. मॅडम तिच्या घरी जाऊन आल्या. म्हणाल्या, "औषध साधं हाय रे. वेळेत कळलं असतं तर माणूस वाचला असता."

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. बोटातल्या थेंबभर रक्तावर गावातच लेप्टो ओळखणारी पट्टी करायची. कितीतरी वर्षं गेली. अखेर जमली, लाल रेघ उमटली की आजार. हौसेनं गगनबावड्याला नेली, तर धडधाकट माणसांच्या पट्टीवरही रेघ उमटायला लागली. विठाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई भडकल्याच.

"मला काय बी झालेलं न्हाय! आत्ता म्हशी धुऊन आलोय की मी!"

परतीच्या एसटीत मॅडम त्या पट्ट्या एकेक करून पुन्हा तपासत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्या वर्गात प्रतिकारशक्ती शिकवत होत्या. मीही मागं बसलो होतो. "आजार झाला की शरीर त्याच्याशी लढायला रक्तात आधी एक प्रतिपिंड तयार करतं, ते काही महिनेच टिकतं. मग दुसरं येतं. आजार बरा झाला तरी ते वर्षानुवर्षं..."

मॅडम थांबल्या. खडू हातातच राहिला.

"विठाबाईंना लेप्टो पूर्वीच होऊन गेलाय," त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या. "आपली पट्टी दुसरं प्रतिपिंड पकडतीय, जुनी खूण दाखवतीय. पोरांनो, उरलेलं उद्या!"

त्यांनी तास अर्धा सोडलेला मी तेवढाच पाहिला.

पहिलं प्रतिपिंड ओळखणारी पट्टी करायला पुन्हा काही वर्षं लागली. ताप आल्याआल्या तीही काही सांगत नाही, पण चार-पाच दिवसांत सांगते. घाटमाथ्यावरच्या दवाखान्यांत ती पोचली, तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या.

आता त्यांचा विषय मी शिकवतो. जिन्याखालची खोली पाडून तिथं लिफ्ट बसवली. नवी प्रयोगशाळा मोठी आहे, गार आहे. मला मात्र तिथं अजून परक्यासारखं वाटतं.

गेल्या श्रावणात मॅडमचा गडहिंग्लजहून फोन आला. तेजस्वीच्या चुलत्यांना ताप आला होता. पट्टीवर कळलं, औषध लागू पडलं, माणूस घरी आला.

"जेवायला लागल्यात म्हणं," मॅडम हसत म्हणाल्या. "या बारीला वेळेत कळलं रे."